तात्यांचं राहिलेलं भाषण

शारजावर लेख म्हटल्यावर तुम्ही आता उंटाची वाट बघत असाल. नाहीतर सोन्याच्या दुकानाची. नाहीतर हा पोरगा नकला करतो म्हणे, म्हणजे पहिल्या परिच्छेदात अरबाची नक्कल, दुसऱ्यात मल्याळ्याची, तिसऱ्यात आईची आठवण काढून रडणं, खलास. तसलं काही नाही. उंट मी इथं येऊन एकदाच पाहिला. तो पिकअपच्या मागे बसून चालला होता आणि माझ्यापेक्षा बऱ्या मूडमध्ये होता. हा लेख बल्गेरियाच्या एका माजी खासदाराबद्दल आहे. बघा, लगेच पान उलटायला हात गेला! थांबा की जरा. मला तरी कुठे बल्गेरिया माहीत होता. आमच्या राजापूरच्या शाळेत भूगोलाचे सर युरोपचा नकाशा लावायचे, आणि त्यांची छडी इंग्लंडवरून निघाली की फ्रान्स, जर्मनी करत थेट रशियालाच टेकायची. मधले देश छडीखालून निघून गेले.

आज सकाळी बिल्डिंगचं दार ढकलून बाहेर पडलो आणि चष्मा पांढरा झाला. ऑगस्ट. इथं ऑगस्टची खबर चष्मा देतो. एसीतून बाहेर आलात की काचांवर वाफ धरते, आणि फूटपाथवर चार-पाच माणसं आंधळ्यासारखी उभी राहून शर्टाच्या टोकाने काचा पुसत असतात. हवा ओल्या गोधडीसारखी अंगावर पडते. ढगाचा पत्ता नाही आणि माणूस भिजलेला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं तापतं की थंड नळाखाली हात भाजतो. म्हणून गीझर बंद ठेवायचा, त्यात पाणी निवू द्यायचं आणि गरम पाण्याचा नळ सोडून गार आंघोळ करायची. नवा आलेला माणूस चुकीचा नळ सोडतो आणि बोंबलत बाहेर येतो. फॅमिलीवाले सगळे सुट्टीला गावी. बिल्डिंगमध्ये उरतात बॅचलर आणि झुरळं. त्या एका वर्षी तात्याही उरले होते, तेच बल्गेरियाचे माजी खासदार.

कुवेतची लढाई त्या वर्षी नुकतीच संपली होती. मी रोल्याच्या बाजारात एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात रेडिओ-टेपचे टू-इन-वन विकायचो आणि सहा जणांच्या खोलीत वरच्या बंकवर झोपायचो. खोलीचे पुढारी दत्ताभाऊ. संगमेश्वरकडचे, शटरिंग कारपेंटर, म्हणजे स्लॅबच्या फळ्या ठोकणारे सुतार. बोलणं कमी, त्यातही निम्म्या शिव्या.

तेव्हा फोन महाग, पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून घरी कॅसेट पाठवायची पद्धत होती. कुणी सुट्टीवर निघाला की त्याच्या बॅगेत सगळ्या खोलीचे आवाज भरलेले. पण खिडकीतला एसी घरघरायचा, ती घरघर टेपमध्ये यायची. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी एसी बंद. मग घामाने निथळत, धापा टाकत माणूस माइकमध्ये सांगायचा, "इथं मस्त आहे. एसी आहे. काही त्रास नाही. तुम्ही काळजी करू नका."

दत्ताभाऊंना माइक दिसला की घशाला कुलूप. "हां... मी... दत्ता," एवढं बोलून ते भिंतीकडे बघत बसायचे आणि टेप फिरत राहायची. शेवटी मीच त्यांच्या आवाजात बोलायला लागलो. म्हशीची चौकशी, पोराच्या परीक्षेची चौकशी, मध्ये दोन शिव्या. वहिनींची उलट कॅसेट आली, "आवाज सुधारलाय हो तुमचा. सोडलीत वाटतं!" शारजात प्यायला मिळतच नाही, हे त्या माउलीला कोण सांगणार? पुढे खोलीतले सगळेच बुजरे माझ्या तोंडाने घरी बोलायला लागले. आता दुकानात मोबाइल विकतो, कार्ड खरवडलं की माणूस थेट बायकोशी बोलतो. चांगलंच आहे. पण समोरच्याचा चेहरा बघत त्याचं सुखदुःख त्याच्याच आवाजात बोलताना माझ्या पोटात जे व्हायचं, ते आता होत नाही. कुणाची नक्कल करायची म्हणजे आधी त्याचा श्वास उसना घ्यावा लागतो. आवाज मागाहून येतो.

तात्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. त्यांची लेक हॉस्पिटलात नर्स, आम्ही तिला सिस्टर म्हणायचो. ती बापाला 'तात्को' अशी हाक मारायची, आम्ही त्याचं तात्या केलं. आधी 'बाबा' म्हणून पाहिलं होतं, तर सिस्टर हसत सुटली. त्यांच्याकडे बाबा म्हणजे आजी. उंच म्हातारा, पाठीत वाकलेला, हात कुदळीच्या दांड्यासारखे, उजव्या हाताची दोन बोटं कायमची आत वळलेली. खाली दुकानात जायचं तरी ऑगस्टात कोट घालायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीत तुपाच्या रिकाम्या डब्यांमध्ये टोमॅटोची रोपं धरली होती. नळाचं पाणी रोपांना चालेना, खारट आणि कढत. म्हणून तात्या एसीचं ठिबकणारं पाणी गोळा करायचे, आणि स्वतःच्या एसीचं पुरेना म्हणून आमच्या दारात बादली घेऊन यायचे.

"गुड इव्हिनिंग. वॉटर, प्लीज." सकाळचे आठ वाजलेले असायचे. त्यांचं इंग्रजी सगळं परदेशी रेडिओच्या बातम्यांचं. गावी असताना वर्षानुवर्षं डोक्यावरून घोंगडी घेऊन, आवाज अगदी बारीक करून चोरून ऐकलेलं. त्यामुळे रोपाला कीड लागली तरी ती बातमीसारखी सांगायचे. आणि मान! त्यांच्या देशात 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणताना खाली-वर. मी ती मान इतकी घोटली की दुकानात गिऱ्हाइकानं विचारलं, "वॉरंटी है?" तर मी म्हणायचो, "है," आणि मान नाही नाही करायची. दोन गिऱ्हाइकं गेली. मालकानं माझी मान धरायची तेवढी बाकी ठेवली होती.

एका शुक्रवारी जेवणं झाल्यावर मी खोलीत तात्या करत होतो. खांद्यावर टॉवेलचा कोट, हातात रिकामी बादली, दोन बोटं आत वळवलेली. "गुड इव्हिनिंग. टुमॅटो नंबर फोर इज क्रिटिकल." सगळे लोळतायत. मग एकदम कुणीच हसेना. मागे वळलो तर दारात खरे तात्या, खरी बादली घेऊन.

मी टॉवेल खाली टाकला. दत्ताभाऊ पुटपुटले, "मर आता, भाड्या."

तात्या आत आले, खालच्या बंकवर बसले आणि म्हणाले, "अगेन."

परत केलं. "अगेन." तिसऱ्यांदा करताना मला दिसलं की म्हातारा हसतही नाहीये आणि रागावलेलाही नाहीये. डोळे मिटून, स्वतःच्या गळ्याला हात लावून ऐकतोय. त्यांच्या घशात गाठ होती. सिस्टरला माहीत होतं, आम्हाला नव्हतं. उन्हाळा चढत गेला तसा त्यांचा आवाज उतरत गेला होता. आम्हाला आपलं वाटायचं, एसी बाधला असेल. त्या दिवशी कुजबुजीएवढाच उरला होता. आणि समोर एक काळा किडकिडीत पोरगा तोच आवाज, भरलेला, शाबूत, टॉवेल गुंडाळून फुकट वाटत उभा होता.

मग पुढे थोडं थोडं करून सगळं कळलं. रेडिओच्या इंग्रजीत, हातवाऱ्यांत, कधी सिस्टरच्या नाखुशीच्या हिंदीतून. तात्या तरुणपणी तिकडच्या शेतकऱ्यांच्या पक्षाचे खासदार होते. कम्युनिस्टांचं राज्य आलं होतं, जमिनी सरकारात घ्यायचं चाललं होतं, विरोधात बोलणारी माणसं घरातून नाहीशी होत होती. तात्या सभागृहात उभे राहिले आणि बोलायला लागले. समोरच्या बाकांवरच्यांनी टेबलं वाजवायला सुरुवात केली. मुठींनी, पुस्तकांनी, अख्खं सभागृह. तात्या थांबले, की आता थांबतील, मग बोलू. ते थांबेनात. शेवटी तात्या खाली बसले.

त्याच आठवड्यात त्यांना उचललं. पुढे त्यांच्या पुढाऱ्याला फाशी दिली. तात्या दगडाच्या खाणीवरच्या छावणीत गेले, बोटं तिथंच वळली. पोटुशी बायको बाहेर होती, तिच्याकडून घटस्फोटावर सही घेतली.

हे सांगताना ते छावणीवर रेंगाळले नाहीत. एकाच जागी परत परत यायचे. "दे टेक मी आफ्टर," असं कुजबुजायचे, आणि त्या वळलेल्या बोटांनी स्वतःच्या छातीवर टकटक करायचे. "बट फर्स्ट, आय सिट."

म्हणजे, 'उचललं ते नंतर. आधी मीच बसलो.'

मला माझ्या वक्तृत्व स्पर्धा आठवायच्या. तिथं वेळ संपली की टेबलावरची घंटा वाजायची, आणि घंटा वाजली की वाक्य अर्धं टाकून 'जय हिंद' म्हणून बसायचं, हे आम्हाला शिकवलेलं. मी तालुक्यात पहिला आलो होतो. त्यात बोलण्याचं कौतुक किती आणि वेळेवर बसण्याचं किती, हे त्या ऑगस्टपर्यंत माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आता तिकडचं राज्य उलटलं होतं. जुना पक्ष परत उभा राहत होता, निवडणूक यायची होती. तात्यांच्या गावाहून फोन आला, द्राक्षांची तोडणी सुरू होताना चौकात सभा आहे, त्या दिवशी सभागृहात असलेल्यांतली उरलेली सगळी म्हातारी मंडळी येणार आहेत, तुम्ही या, बोला. डॉक्टर म्हणाले, प्रवास अशक्य. तात्यांनी आमच्या कॅसेटी पाहिल्या होत्या. गावाला कॅसेट पाठवायची, असं त्यांनी ठरवलं. मी म्हटलं, लिहून पाठवा, कुणीतरी वाचेल. तर मान खाली-वर केली, म्हणजे नाही. "दे हर्ड माय व्हॉइस स्टॉप," ते म्हणाले. ज्यांनी आवाज बंद पडलेला ऐकला, त्यांना आवाजच ऐकवायचा होता.

सिस्टरला हे कळलं आणि ती कपडे वाळत घालता घालता थांबली. "इस घर में भाषण नहीं," ती मला म्हणाली. "ये बोला एक दिन. हम भरा पूरा लाइफ. स्कूल में मेरा बाजू में कोई नहीं बैठता था. मालूम?"

"पण सिस्टर, अब तो उधर सब बदल गया ना?"

"कौन बोला बदल गया? तुम? तुमको वो किधर है मॅप पे, वो मालूम है?"

मला अजून भूगोलाच्या सरांची छडीच दिसत होती. बाप खिडकीत रोपांकडे तोंड करून उभा होता, आणि लेक चिमटे असे लावत होती की जणू दोरीचाच गळा आवळतेय. तिची चूक नव्हती. तिनं बाप पाहिला तेव्हा ती शाळेत जाणारी मुलगी होती आणि दारात उभा राहिलेला माणूस तिला अनोळखी होता. भाषणानं तिला एवढंच दिलं होतं.

म्हणून ती ड्यूटीवर गेली की आमची शाळा भरायची. दुपारी, खोलीत, पडदे ओढून. तात्या माझ्या कानाशी तोंड आणून एक वाक्य कुजबुजायचे. मी ते त्यांच्या जुन्या आवाजात मोठ्यानं म्हणायचो. चुकलं की मांडीवर चापट. कागदावर उतरवून घेतलं नाही. लिहिलं की नक्कल मरते. अर्थ विचारला तर म्हणायचे, "नो मीनिंग. मीनिंग लेटर." अर्थ कळला की मी त्यात माझा मसाला घालणार, हे म्हाताऱ्यानं ओळखलं होतं. पण 'झेम्या' म्हणजे जमीन हे मला न सांगता कळलं. ते म्हणताना त्यांचा हात खाली जायचा, तळवा उघडा. आणि 'ख्ल्याब' म्हणजे भाकरी. ते म्हणताना हात वर यायचा. बाकीचं सगळं माझ्या तोंडात नुसतं वजन म्हणून होतं. सभागृहात बोलून झालेला भाग आधी पाठ झाला. मग कधीच न बोललेला. तो शिकवताना त्यांची कुजबुज आणखी बारीक व्हायची, जणू पलीकडे कुणी टेबलाशी बसलंय.

रेकॉर्डिंग शुक्रवारी दुपारी ठेवलं. दुकानातला डेमोचा टू-इन-वन मी मागून आणून खोलीतल्या टेबलावर ठेवला होता. एसी बंद केला. दहा मिनिटांत खोलीची भट्टी झाली. तात्या कोट घालून बसलेले, टायसुद्धा. दत्ताभाऊ आणि बाकीचे बनियनवर, हाताची घडी घालून, लग्नाला बसल्यासारखे. बटण दाबलं.

मी बोलायला लागलो, आणि खरं सांगतो, ते मी बोलत नव्हतो. पोटातून एक जाड, खरखरीत, तरुण आवाज वर आला, तो मी कधी ऐकलेलाच नव्हता. तात्यांचे डोळे माझ्या ओठांवर. 'झेम्या' आलं, 'ख्ल्याब' आलं. खोलीत कुणाला एक अक्षर कळत नव्हतं, पण सगळे पुढे झुकलेले. आवाज चढत चढत त्या वाक्याला पोचला, जिथं ते त्या दिवशी थांबले होते. तिथं एक श्वास घ्यायचा असं त्यांनी शिकवलं होतं. मी श्वास घेतला.

आणि दत्ताभाऊंनी टेबल वाजवलं.

दोन्ही हातांनी, धडाधड. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आपल्याकडे विधानसभेत कुणी जोरदार बोललं की आपल्या बाजूचे बाकं वाजवतात, टीव्हीवर बघितलेलं. शाब्बास म्हणायची दत्ताभाऊंना तेवढीच रीत ठाऊक. ते वाजवायला लागले तशी बाकीच्यांनीही बंकाचे लोखंडी पाइप वाजवायला घेतले. अख्खी खोली दणाणली.

तात्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. घाम तसाच होता, पण रंग गेला. ते उठायला लागले, अर्धे उठले, आणि परत खाली बसले. मांडीवर दोन्ही हात ठेवून, मान खाली घालून, शिस्तीत. मी बोलायचा थांबलो. टेप फिरत राहिली.

दत्ताभाऊंचे हात हवेतच राहिले. "काय झालं? पक्या, काय झालं रे? चुकलं काय माझं?"

मी सांगितलं. दत्ताभाऊंसारखा माणूस तात्यांच्या पायाशी जमिनीवर बसला. "तात्या, आमच्याकडं टाळ्यांसारखं असतंय हो ते. खुशीनं वाजवतात. माफ करा. आयशप्पत, खुशीनं वाजवलं." मी इंग्रजीत सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं. दत्ताभाऊंच्या डोक्यावर तो वळलेला हात ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नेक्स्ट फ्रायडे," आणि बादली न घेताच गेले.

पुढच्या शुक्रवारी ते हॉस्पिटलात होते. भेटीच्या वेळेत गेलो तर घशाला नळी, आता कुजबुजही नाही. डोळ्यांनी त्यांनी मला विचारलं. मी पलंगाशी वाकून पुढचा भाग सुरू केला, हळूच, त्यांच्या आवाजात. वॉर्डाचा माणूस आला, "हबीबी, इधर आवाज नहीं." मी सॉरी म्हणालो आणि गप्प झालो. तात्या छताकडे बघायला लागले. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं, एसीची जाळी होती.

ते गेले तेव्हाही ऑगस्ट संपला नव्हता. माणूस मरतो तेव्हा हवा बदलावी असं आपल्याला उगाच वाटतं. दुसऱ्या दिवशीही चष्म्यावर तेवढीच वाफ होती. सिस्टर बापाला विमानानं गावी नेणार होती. पेटीवर कार्गोसाठी बाहेरून लाकडी खोका लागतो. आणलेला खोका दत्ताभाऊंनी हात फिरवून बघितला, म्हणाले, "हा काय जोड आहे?" आणि गोडाउनच्या दारात, त्या वाफेत, सगळे कोपरे खोलून परत बसवले. एकही ठोका मोठ्यानं मारला नाही. हातोड्याखाली कापड धरून मारत होते. निघताना त्यांनी सिस्टरच्या हातात कॅसेट दिली, "सिस्टर, तात्या का है." तिनं विचारलं नाही काय आहे. पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाली पेपर अंथरून खुबूस आणि भुर्जी खात होतो. खुबूस म्हणजे इथली पावाची भाकरी. दार न वाजवता सिस्टर आत आली. रडून डोळे सुजलेले, हातात तिचा छोटा टेप.

"पक्या, ये तुम बोला?"

मी घास गिळला. "हां सिस्टर. सॉरी सिस्टर. तुम्ही नको म्हणाला होता, मालूम है..."

"आगे का आता है तुमको?"

"क्या?"

"आगे का! इसके आगे का. उसने सिखाया?"

"सिखाया."

"पूरा?"

"पूरा आता है."

तिनं टेप धाडकन बंकवर ठेवला. "फिर क्यों बंद किया?"

"सिस्टर, वो टेबल... म्हणजे टेबल बजा ना, तो तात्या..."

"टेबल बजा!" बिल्डिंगला ऐकू जाईल अशी ती ओरडली. "टेबल बजा तो तुम भी चुप? उधर टेबल बजा, मेरा बाप चुप. मेरा माँ चुप. पूरा गाँव चुप. मैं भी चुप, मेरे को चुप रहना इतना अच्छा आता है कि मैं उसको भी बोली, चुप! ठीक है. उधर बंदूक था. इधर क्या था? बोलो, इधर कौन था? दत्ता था!" दत्ताभाऊंनी दोन्ही हात मांडीखाली सारले. "दत्ता से डर गया तुम? गधा! दुनिया में एक आदमी को आगे का मालूम है, और वो गधा बैठके अंडा खाता है! चार बजे मेरा फ्लाइट है. मुँह पोंछो. उठो. बोलो!"